चाळिसाव्या मिनिटाला मरणारा माणूस

दिवाळीच्या सुट्टीला तीन दिवस उरले होते. मी सहावीच्या वह्या तपासत बसले होते, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावून घेतलं. मंचरच्या त्या शाळेत लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि ऑफिसात बोलावलं म्हणजे आपलं काहीतरी चुकलं असणार, अशी माझी पक्की समजूत होती. आत खुर्चीवर एक घामाघूम झालेला माणूस बसला होता. तो मुंबईहून आला होता. अमेरिकेतल्या एका टीव्ही कंपनीचं शूटिंग भीमाशंकरच्या अलीकडच्या डोंगरात सुरू होणार होतं आणि जीप, जेवण, माणसं यांची सगळी व्यवस्था याच्या गळ्यात होती. त्याला एक माणूस कमी पडत होता. एका अमेरिकन नटाला मराठीत चार वाक्यं बोलायची होती. ती शिकवायला कोणीतरी हवं होतं, ज्याला इंग्रजी येतं आणि इथली माणसं काय बोलतात तेही कळतं.

"आमच्या इंग्रजीच्या बाई आहेत ना," मुख्याध्यापक म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. अमेरिकन माणूस मी तोपर्यंत एकदाच पाहिला होता, तोही पुण्यात, रस्त्याच्या पलीकडून. हो म्हणताना माझा आवाज इतका बारीक निघाला, की त्या माणसानं पुन्हा विचारलं.

घरी सांगायला मी पिंपरी पेंढारला गेले. आई म्हणाली, सिनेमावाल्यांत मुलीला पाठवायचं नाही. कांद्याची रोपं उपटायचं काम चालू होतं, वडिलांनी हातातली जुडी बांधून घेतली. मग म्हणाले, पहिल्या दिवशी मी येतो बरोबर, मला बरं वाटलं तर बाकीचे दिवस ती एकटी जाईल. झालं, ठरलं.

पहिल्या दिवशी जीप आम्हा दोघांना घेऊन मंचरहून निघाली. वडिलांनी धुतलेलं धोतर आणि लग्नातली टोपी घातली होती. घोडेगावच्या पुढे एका बंगल्यात नटांची उतरायची सोय होती. तिथून जो माणूस बाहेर आला, त्याला पाहून माझी थोडी निराशाच झाली. मला वाटलं होतं, नट म्हणजे देखणा असणार. हा साठीच्या पलीकडचा होता. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, टक्कल पडलेला, आणि कान असे मोठे की आधी तेच दिसायचे. त्यानं वडिलांना वाकून नमस्कार केला आणि मला विचारलं, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? मी गडबडून सांगितलं, मुलं मला बाई म्हणतात.

"बाई," तो म्हणाला. तिसऱ्या वेळेला त्याचा उच्चार बरोबर जमला. तेव्हापासून शेवटपर्यंत मी त्याची बाई राहिले.

वडील पुढच्या सीटवर बसले आणि अर्ध्या वाटेत झोपून गेले. मागं आमचा धडा सुरू झाला. फिल्म इंग्रजांच्या काळातल्या एका साथीवर होती. एक तरुण डॉक्टर डोंगरातल्या गावात येतो, तो नायक. त्याच्या आधीपासून तीस वर्षं तिथं राहिलेला एक म्हातारा डॉक्टर असतो, तो त्याला सगळं दाखवतो आणि साथीत मरतो. तो म्हातारा म्हणजे हा.

"मी साधारण चाळिसाव्या मिनिटाला मरतो," त्यानं मला समजावून सांगितलं, जणू एसटीची वेळ सांगावी तसं. "बहुतेक वेळा तेवढ्यातच मरतो. नायकाला दुःख व्हायला आणि पुढं काम करायला वेळ मिळायला हवा."

संध्याकाळी घरी परतल्यावर वडिलांनी आईला सांगितलं की माणूस भला आहे, आणि काम म्हणजे सगळा वेळ नुसतं थांबून राहणं आहे, त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

त्यानंतरचे बारा दिवस मी रोज पहाटेचं आवरून मंचरला ज्या आत्याकडे राहायचे तिच्या घराबाहेर जीपची वाट पाहत उभी राहायचे. इतकी अधीर मी आधी कधी झाले नव्हते. घोडेगावपासून वर डोंगरात जायला तास-सव्वा तास लागायचा. त्या वाटेवर आम्ही वाक्यं घोकायचो, आणि वाक्यं घोकून झाली की तो मला त्याच्या कामाच्या गोष्टी सांगायचा. मी विचारायचेच तशी.

तो शेतकऱ्याच्या घरातला होता. बटाटे पिकवायचे ते लोक. तिशी उलटेपर्यंत तो एका शाळेत मुलांना सुतारकाम शिकवत होता. गावात नाटक बसवायचे, त्यात एक दिवस आजारी पडलेल्या माणसाच्या जागी याला उभं केलं आणि याला चटक लागली. बायकोला म्हणाला, वर्षभर पाहतो. गेला सिनेमाच्या शहरात. पहिल्या सिनेमात त्याला एकच शब्द होता. हॉटेलचा दरवाजा उघडून तो 'या' म्हणतो. तो शब्द त्यानं आठवडाभर घरात वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून पाहिला, तेव्हा बायकोनं त्याला अंगणात जाऊन म्हणायला सांगितलं.

मग तो पोलीस झाला, न्यायाधीश झाला, धर्मगुरू झाला, दारूच्या गुत्त्यात पेले पुसणारा झाला, खून झालेल्या घराचा शेजारी झाला. एकदा एकाच आठवड्यात एका चॅनेलवर तो चोर होता आणि दुसऱ्यावर न्यायाधीश. त्याच्या आईनं फोन करून सांगितलं, न्यायाधीशच राहा, शेजाऱ्यांना तेच दाखवते.

एक गोष्ट मला फार आवडायची, ती मी त्याला दोनदा सांगायला लावली. मध्ये तीन वर्षं त्याला काहीच काम मिळालं नाही. तो परत सुतारकामाला लागला. एका मोठ्या नटाच्या बंगल्यात स्वयंपाकघराची कपाटं बसवायचं काम त्याला मिळालं. त्या नटाबरोबर यानं पूर्वी एक सिनेमा केला होता. कपाटाचं दार बसवताना तो नट मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुम्हाला मी कुठंतरी पाहिलंय.

"मी म्हटलं, हो, मी तुम्हाला अटक केली होती."

मी हसले. तो मात्र हसला नाही. म्हणाला, त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. त्याला माझं नाव आठवलं नव्हतं, तोंडही नीट आठवलं नव्हतं, पण हा माणूस आपल्या आयुष्यात कुठंतरी होता, एवढं त्याला वाटलं. आपलं काम एवढंच असतं.

आता त्या चार वाक्यांकडे येते. पहिली तीन सोपी होती. पाणी उकळून द्या, दार उघडं ठेवा, मी उद्या येतो. चौथं त्याच्या मरणाच्या प्रसंगातलं. बाजेवर पडलेला म्हातारा डॉक्टर जवळ बसलेल्या बाईला सांगतो, "मला इथंच राहायचं होतं." कागदावर असंच होतं, आणि मी त्याच्याकडून ते अगदी पुस्तकातल्यासारखं घोटून घेतलं होतं. 'होतं' मधला 'हो' तर मी खास जपला होता.

त्याला कारण होतं. पुण्याला कॉलेजात पहिल्या वर्षी मी वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले होते आणि बोलण्याच्या भरात तोंडातून 'व्हतं' निघून गेलं होतं. सभागृह हसलं. हसणं वाईट नव्हतं, गमतीचंच होतं, पण मी भाषण अर्धं सोडून खाली उतरले. त्यानंतर मी घरचं बोलणं घरीच ठेवायला शिकले, आणि पुढं पुढं घरीही बोलेनाशी झाले. माझ्या वर्गात कोणी 'व्हतं' म्हटलं की मी लगेच दुरुस्त करायचे.

बाजेजवळ बसणारी बाई जिथं शूटिंग चाललं होतं त्या डोंगरातल्या वाडीतलीच होती. पन्नाशीची असेल. भाताची कापणी अर्धी टाकून ती शूटिंगला आली होती आणि कधी सुटणार म्हणून सारखं विचारायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. नटबिट ती नव्हती. तिला फक्त बसायचं होतं आणि तो काय म्हणतो ते ऐकायचं होतं. तालमीला त्यानं वाक्य म्हटलं, तशी मावशी शेजारणीकडे वळून म्हणाली, "आसं कोण बोलतं? मास्तरीण बोलती आसं."

बायका हसल्या. मला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. त्यानं विचारलं, ती काय म्हणाली? मी म्हटलं, छान झालं म्हणाली.

दुपारी झाडाखाली जेवताना त्यानं ताट बाजूला ठेवलं.

"बाई, तुम्ही मला खरं सांगितलं नाहीत. ती छान म्हणाली असती, तर तुमचा चेहरा असा झाला नसता."

मग मी सगळं सांगितलं. वक्तृत्व स्पर्धेचंही सांगितलं, जे मी आत्यालाही सांगितलं नव्हतं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ती हे वाक्य कसं म्हणेल? मी म्हटलं, ते अशिक्षित बोलणं आहे, चांगलं दिसणार नाही. तो म्हणाला, माझा डॉक्टर तीस वर्षं इथं राहिलाय. तो मराठी कोणाकडून शिकला असेल? शाळेतून का या बायांकडून? आणि पाहणाऱ्यांना मराठी येत नाही हे मला माहीत आहे. पण तिला येते. ती माझ्या उशाशी बसणार आहे. तिला खरं वाटलं नाही, तर तिच्या तोंडावर ते दिसेल.

तो उठून मावशीपाशी गेला आणि जमिनीवर बसला. मी दुभाषी. मावशीला आधी वाटलं, आपल्याला रागावायला आलाय. मग तिनं पदर नीट केला आणि सांगितलं, "मला हितंच ऱ्हायाचं व्हतं."

त्यानं ते कितीदा म्हणवून घेतलं असेल, कोणास ठाऊक. मावशी शिकवायला लागली ती माझ्यापेक्षा कडक निघाली. 'ऱ्हायाचं' त्याला जमेना, तिनं त्याला स्वतःच्या तोंडाकडे पाहायला लावलं. आजूबाजूला सगळी वाडी गोळा झाली. जमल्यावर एक म्हातारा म्हणाला, "आता आमचा झाला पावणा." तेही मला भाषांतर करून सांगावं लागलं. या वेळी मी खरं सांगितलं.

अडचण दुसऱ्या दिवशी आली. त्या प्रसंगाची तयारी झाली, तालीम झाली आणि कागदावरची वाक्यं लिहून देणाऱ्या, त्याच दिवशी मुंबईहून आलेल्या भाषेच्या सल्लागारानं हात वर केला. हे कागदावरचं वाक्य नाही, म्हणाला, हे चुकीचं आहे. दिग्दर्शक तरुण होता, घाईत होता, ऊन सरकत होतं. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, बरोबर कोणतं? आणि कोणीतरी माझ्याकडे पाहिलं.

सल्लागार मोठा माणूस होता. मी इंग्रजीत सुरुवात केली, की दोन्ही बरोबर आहेत. सल्लागार मराठीत म्हणाला, बाई, तुम्ही शिक्षिका ना? तेव्हा मीही मराठीवर आले.

"हितं आसंच बोलत्यात. आमच्या घरीबी आसंच बोलत्यात," मी म्हणाले.

पाच वर्षांनी माझ्या तोंडून ते चारचौघांत निघालं होतं. दिग्दर्शकाला मराठी कळली नाही, पण त्यानं हात झटकला आणि म्हणाला, चला, तसंच घ्या.

एकदाच घेतलं. तो बाजेवर पडला होता, घाम आलेला, ओठ कोरडे. त्यानं मावशीकडे पाहिलं आणि ते वाक्य म्हटलं. त्याचा आवाज आमच्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याचा असावा तसा निघाला. मावशीला फक्त बसायला सांगितलं होतं. तिनं हात पुढं करून त्याच्या कपाळावरून फिरवला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. त्याचे डोळे मिटले. कोणी हललं नाही. कॅमेरावाला इशारा होऊनही थांबेना.

'कट' झाल्यावर मावशी त्याला हलवून विचारत होती, "बाबा, बरा हायेस ना रं?" त्यानं एक डोळा उघडला. तेव्हा कुठं सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या. मी त्या दिवशी आत्याकडे गेले ती जवळजवळ पळत.

शूटिंगला मध्ये एक दिवस सुट्टी होती, त्या दिवशी त्यानं बटाट्याचा बाजार पाहायचा हट्ट धरला. मंचरच्या बाजारात वडील आम्हाला भेटले. त्यानं ढिगातला एक बटाटा उचलला, अंगठ्यानं साल घासली, डोळे पाहिले आणि वडिलांना विचारलं, हा किती दिवस ठेवता? मग त्या दोघांना माझी गरज उरली नाही. मी भाषांतर करायच्या आधीच वडील हातानं सरीची रुंदी दाखवत होते आणि तो मान हलवत होता. हमाल, आडते, सगळे काम सोडून बघत होते. तिथून आम्ही घरी गेलो. आईनं बेसनाची मासवडी केली होती. नावामुळं त्याला वाटलं मासे असणार, ते शोधत त्यानं रस्सा ओरपला आणि नाक-डोळे पुसत आणखी मागितला. ओटीवर निम्मं गाव बसलं होतं. शेजारच्या काकांनी विचारलं, तुमी हिरो का नाय झालात? मी जरा बिचकतच भाषांतर केलं. त्यानं आपले मोठे कान दोन्ही हातांनी धरून दाखवले. काका इतके खूश झाले की त्याला स्वतःच्या शेतावर घेऊन गेले.

शूटिंग संपलं, माणसं गेली, शाळा सुरू झाली. पुढचे काही महिने मला सगळं सपाट वाटत होतं. मग त्याचं पत्र आलं, आणि त्यामागून पार्सल. पार्सल कस्टमवाल्यांनी फोडून पुन्हा बांधलेलं होतं, पण आतली कॅसेट शाबूत होती. आम्ही नारायणगावहून व्हिडिओ भाड्यानं आणला. ओटीवर तेच निम्मं गाव पुन्हा जमलं. कॅसेट लावली तर चित्र उभं राहीना. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नुसत्या वर सरकत राहिल्या. अमेरिकेची कॅसेटची पद्धत वेगळी असते, हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. आवाज मात्र स्वच्छ येत होता. कोणी उठलं नाही. पाऊण तास सगळे पट्ट्यांकडे बघत इंग्रजी ऐकत बसले, आणि मग त्यातून एकदम आमची भाषा आली, "मला हितंच ऱ्हायाचं व्हतं."

ओटीवर असा गलका झाला की पुढचं काही ऐकूच आलं नाही. आई म्हणाली, परत लाव. आम्ही ते आठ-दहा वेळा ऐकलं.

पुण्यात एका स्टुडिओत ती कॅसेट बदलून मिळाली. मग मी आणि वडील टीव्ही, व्हिडिओ सगळं जीपमध्ये घालून वाडीवर गेलो. शाळेच्या खोलीत वीज होती. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही फिल्म दाखवली. तो प्रसंग आला तेव्हा मी पुढं सरकून बसले. मला त्याचा चेहरा पाहायचा होता. पण तो दिसलाच नाही. पडद्यावर पूर्णवेळ मावशी होती. तिचा चेहरा काचभर पसरलेला, डोळ्यांतलं पाणी, कपाळावरून फिरणारा हात. त्याचा फक्त आवाज.

मला वाईट वाटलं, आणि मी त्याला तसं लिहिलंही. इतकी मेहनत करून तुम्ही त्यात दिसतही नाही. उत्तर आलं, की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीवरून उठलो. दिग्दर्शकाला फोन करून आभार मानले. तिथं त्यानं माझा चेहरा ठेवला असता, तर तो चुकला असता. मी ते पत्र मावशीला वाचून दाखवायला गेले. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. म्हणाली, "मी येवढी म्हातारी दिसती व्हय गं?"

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी मुलांना त्यांच्याच बोलीत नाटक बसवू दिलं. कोणी हसलं ते विनोदांना हसलं.

नंतर माझं लग्न झालं, मंचरमध्येच घर झालं, आणि दोन हजार सालानंतर केबलवर इंग्रजी मालिका यायला लागल्या. एका रविवारी दुपारी मी भाजी निवडत होते आणि समोर तो आला. एका गावातल्या कोर्टाची मालिका होती आणि तो तिथला म्हातारा कारकून. मी इतक्या जोरात ओरडले, की नवरा गच्चीवरून धावत खाली आला. हा चाळिसाव्या मिनिटाला मरणार, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं. तो मेला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. सत्तरी ओलांडल्यावर त्याला पहिल्यांदाच दर आठवड्याला येणारं, न मरणारं काम मिळालं होतं.

तोपर्यंत वडील थकले होते, माझ्याकडेच असायचे. रविवारी ते टीव्हीसमोर आधीच बसायचे आणि विचारायचे, आज काय म्हणतोय? मी सांगायचे. बाकीच्या मालिकेत त्यांना काडीचा रस नव्हता.

तीन वर्षं हे चाललं. मग एका रविवारी तो आला नाही. दुसऱ्याही नाही. मालिकेत कोणी म्हणालं की तो मुलीकडे राहायला गेलाय. वडिलांनी त्या दिवशी चहा तसाच ठेवला. सोमवारी शाळा सुटल्यावर मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेले. त्याच्या शेवटच्या पत्रावर ईमेलचा पत्ता होता, तो कधी वापरला नव्हता. दोन ओळी लिहिल्या. मंगळवारी गेले, उत्तर नव्हतं. बुधवारी नव्हतं. गुरुवारी होतं. सुरुवातच 'बाई' अशी होती, इंग्रजी अक्षरांत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. लेखकांनी त्याला तेवढ्यापुरतं मुलीकडे पाठवलं होतं, मारलं नव्हतं. चालायला लागला होता, पुढच्या भागांचं शूटिंगही सुरू झालं होतं. वडिलांना सांगा, त्यानं लिहिलं होतं, अंगणात चार सऱ्या बटाटे लावलेत.

मी पैसे टाकून उरलेले सुटे न घेताच घरी निघाले.

ते भाग आमच्याकडे यायला बरेच महिने गेले. त्या रविवारी आम्ही वडिलांना उशी देऊन बसवलं. मालिका सुरू झाली. कोर्टाच्या मागच्या दारातून तो काठी टेकत आत आला आणि टेबलामागं जाऊन बसला. वडील पुढं झुकून बराच वेळ पाहत राहिले.

"वाळलाय जरा," ते म्हणाले. "पर चालतोय चांगला."